भीती आधी, कारण नंतर

माणसांचं मन कसं वळतं, कसं वळवता येतं, या विषयावर पुस्तकांचा आता नुसता खच पडलाय. विमानतळावरच्या दुकानात गेलात तर एक अख्खा कप्पा त्याचाच असतो. ती पुस्तकं वाचायला मलाही आवडतं, पण त्यात एक गंमत आहे. बहुतेक सगळी उदाहरणं अमेरिकन. गाड्या विकणारे सेल्समन, टूथपेस्टच्या जाहिराती, कॉलेजात शिकणारी पोरं. असं वाटतं की हे सगळं शास्त्र तिकडेच जन्मलं, तिकडेच वाढलं आणि आपण ते फक्त इन्स्टॉल करून घेतलं.

पण या शास्त्रातल्या सगळ्यात गाजलेल्या सिद्धांतांपैकी एकाचं मूळ चक्क बिहारमध्ये आहे. आजचा लेख त्याबद्दल. थोडा लांब झालाय, चहा घेऊन बसा.

१५ जानेवारी १९३४. दुपारचे दोन वाजून गेले होते. पूर्व नेपाळात, एव्हरेस्टच्या दक्षिणेला जमीन हलली आणि उत्तर बिहारचा मोठा पट्टा अक्षरशः खचला. भूकंपाची तीव्रता ८ च्या आसपास होती. मुंगेर शहर जवळपास भुईसपाट झालं. मुझफ्फरपूर, दरभंगा, सीतामढी या भागात जमिनीला भेगा पडल्या, त्यातून पाणी आणि वाळूचे फवारे उडाले, शेतं वाळूखाली गेली, विहिरी बुजल्या. नेपाळ आणि बिहार मिळून दहा हजारांहून जास्त माणसं गेली. तार तुटलेली, रेल्वेचे रूळ वाकलेले. बातमी एका गावातून दुसऱ्या गावात जायची ती माणसाच्या तोंडूनच.

पाटण्यात हादरा जोरात जाणवला. पडझड झाली, पण मुंगेरच्या मानाने शहर बरंच वाचलं. तिथे जमुना प्रसाद नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. इतर लोक मदतीचे कपडे आणि धान्य गोळा करत होते, तेव्हा या माणसाने आणखी एक गोष्ट गोळा केली. अफवा! भूकंपानंतरच्या दिवसांत लोक एकमेकांना काय सांगत होते, ते त्यांनी टिपून ठेवलं. पुढच्या वर्षी, म्हणजे १९३५ साली, ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजीत त्यांचा निबंध आला.

त्या अफवा कसल्या होत्या? भूकंपाच्या वेळी गंगेचं पाणी गायब झालं आणि स्नान करणारी माणसं वाळूत रुतली. १८ आणि १९ जानेवारीच्या दरम्यान पाटण्यावर भयंकर वादळ येणार. २३ जानेवारी हा घातवार आहे, त्या दिवशी काहीतरी अकल्पित घडणार. चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा मोठा भूकंप होणार.

यातली एक गोष्ट बघा. बहुतेक अफवा 'आता सगळं संपलं, निवांत व्हा' असं सांगत नाहीत. त्या म्हणतात, अजून वाईट व्हायचंय. माणूस आधीच घाबरलेला. मग अशा माणसाने मनाला धीर देणाऱ्या गोष्टींवर विश्वास ठेवावा की नाही? पण नाही. तो आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी पसरवत होता, आणि त्या मोठ्या उत्साहाने पसरवत होता.

प्रसादांनी स्वतः याचं उत्तर असं दिलं की घटना अनोळखी असली, तिच्या काही बाजू कुणालाच तपासता येत नसल्या आणि विषय सगळ्यांच्याच जिवाभावाचा असला की समाज आपल्या परंपरेतून साहित्य उचलतो आणि रिकाम्या जागा भरतो. ग्रहण, घातवार, नदी कोपणे हे सगळं साहित्य घरात आधीपासून होतंच.

आणि फक्त बाजारातले लोक रिकाम्या जागा भरत होते असं नाही हं. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतेविरुद्धच्या दौऱ्यावर दक्षिणेत होते. २४ जानेवारीला तिरुनेलवेलीत त्यांनी सांगितलं की हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवाने दिलेली शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोरांना हे अजिबात पटलं नाही. अस्पृश्यता हे पाप आहे याबद्दल दोघांत वाद नव्हताच. टागोरांचं म्हणणं असं की निसर्गातल्या घटनेला नैतिक कारण चिकटवणं चूक, आणि शिवाय हा युक्तिवाद गांधीजींपेक्षा त्यांच्या विरोधकांनाच जास्त शोभतो. गांधीजींनी टागोरांचं पत्र आणि आपलं उत्तर दोन्ही १६ फेब्रुवारीच्या 'हरिजन'मध्ये छापलं. (दोघांचाही मोठेपणा. आज असा वाद झाला असता तर काय झालं असतं, कल्पना करा.)

टागोरांची भीती अगदी व्यावहारिक होती. घाबरलेल्या लोकांना कारण हवं असतं. आज तुम्ही चांगल्या हेतूने एक कारण दिलंत, तर उद्या दुसरा वाईट हेतूने दुसरं देईल. सनातनी मंडळी तर म्हणतच होती की गांधी हरिजनांना देवळात नेऊ पाहतात म्हणून धरणी कोपली. भूकंप तोच, भीती तीच, फक्त लेबल वेगळं!

प्रसादांचा निबंध मग ग्रंथालयात धूळ खात पडला. मधे दुसरं महायुद्ध आलं आणि मन वळवण्याच्या शास्त्राला अचानक भाव आला. सरकारांना लोकांकडून खूप काही हवं होतं. बाँड घ्या, रक्त द्या, गप्प राहा, अफवा पसरवू नका. अमेरिकेत हार्वर्डच्या गॉर्डन ऑलपोर्टच्या आसपासच्या मंडळींनी अफवांवर काम सुरू केलं. बोस्टनच्या एका वर्तमानपत्रात १९४२ मध्ये 'रूमर क्लिनिक' नावाचं सदर चालायचं. त्यात आठवड्याची अफवा घ्यायची आणि तिचं खंडन छापायचं. आजच्या फॅक्ट-चेकचे हे पणजोबा म्हणा ना. रॉबर्ट नॅप या ऑलपोर्टच्या विद्यार्थ्याने युद्धकाळातल्या हजारावर अफवांची वर्गवारी केली. सुमारे दोनतृतीयांश अफवा कुणाच्या तरी द्वेषाच्या निघाल्या, पाव हिस्सा भीतीच्या. आशेच्या अफवा जेमतेम दोन टक्के.

ऑलपोर्ट आणि पोस्टमन यांनी १९४७ च्या पुस्तकात एक सूत्र मांडलं. अफवेचा जोर म्हणजे विषयाचं महत्त्व गुणिले माहितीतली संदिग्धता. दोन्हीपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. आम्हा इंजिनिअर लोकांना असं सूत्र लगेच आवडतं. महत्त्व कमी करता येत नाही, मग संदिग्धता कमी करा. खरी माहिती द्या, अफवा मरेल. बग आहे, पॅच टाका, तिकीट बंद.

पण त्याच युद्धात कुर्ट लेविन नावाच्या माणसाने दाखवून दिलं की माहिती देऊन माणूस हलतोच असं नाही. लेविन मूळचा जर्मन ज्यू, हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये अमेरिकेत आला. युद्धामुळे चांगलं मटण सैन्याकडे जात होतं, म्हणून गुरांचं हृदय, गुर्दे वगैरे भाग घरोघरी शिजावेत अशी सरकारची इच्छा होती. अमेरिकन गृहिणींना त्याची किळस. लेविनने रेडक्रॉसच्या कामात असलेल्या बायकांचे सहा गट घेतले, प्रत्येकात १३ ते १७ जणी. तीन गटांना छान व्याख्यान दिलं. जीवनसत्त्वं, देशप्रेम, पाककृती, सगळं त्यात. उरलेल्या तीन गटांत बायकांनाच चर्चा करू दिली, 'तुमच्यासारख्या घरात हे का होत नाही?' असं विचारलं आणि शेवटी कोण करून बघणार त्यांनी हात वर करा म्हटलं. नंतर चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी पूर्वी कधी न केलेला पदार्थ केला होता. चर्चेच्या गटांत ३२ टक्के!

(पुढे १९५५ मध्ये एडिथ पेल्झ यांनी हा प्रयोग उकलून तपासला तेव्हा दिसलं की चर्चा ही जादू नव्हतीच. प्रत्यक्ष निर्णय घ्यायला लावणं आणि 'बाकीच्याही तयार आहेत' हे दिसणं, या दोन गोष्टींनी काम केलं होतं. ज्यांना ऑफिसातल्या लांबलचक मीटिंगा म्हणजे लोकशाही वाटते त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.)

लेविन १९४७ मध्ये गेला. त्याचा एक विद्यार्थी होता लिऑन फेस्टिंगर. १९५१ च्या शेवटी फेस्टिंगर मिनेसोटा विद्यापीठात असताना फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून एक काम त्याच्याकडे आलं. लोक एकमेकांवर प्रभाव कसा पाडतात, संदेश कसे पोचतात, यावर आजवर जे जे संशोधन झालंय ते एकत्र करायचं आणि त्यातून काही सूत्र निघतं का पाहायचं. म्हणजे रटाळ काम. ढिगाऱ्यातून कागद उपसायचे. उपसता उपसता हाताला लागला जमुना प्रसादांचा निबंध.

फेस्टिंगर तिथे अडला. माणूस सुख शोधतो, दुःख टाळतो असं आपण धरून चालतो. मग पाटण्यातले लोक स्वतःला आणखी घाबरवत का होते?

आणि मग त्याने प्रश्नच उलटा केला. या अफवा लोकांना घाबरवत नव्हत्या. लोक आधीच घाबरलेले होते. जमीन हलली, छातीत धस्स झालं, ती धडधड काही दिवस जाईना. पण आजूबाजूला बघावं तर घर उभं, शेजारी उभे, बाजार चालू. म्हणजे मनात एक गोष्ट, 'मी प्रचंड घाबरलोय', आणि डोळ्यासमोर दुसरी, 'घाबरण्यासारखं इथे फारसं काही नाही'. या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत, टोचतात. भीती हुकमाने कमी करता येत नाही. मग दुसरी बाजू बदलायची. वादळ येणार आहे, ग्रहणाला धरणी पुन्हा हलणार आहे. हं, आता माझी भीती बरोबर आहे! थोडक्यात, अफवा भीतीला जन्म देत नव्हती, अफवा भीतीची वकिली करत होती.

ही नुसती कल्पना नव्हे कशावरून? तपासायचं तर उलट उदाहरण हवं. तेही भारतातच सापडलं. जून १९५० मध्ये दार्जिलिंगला दरडी कोसळून मोठी हानी झाली होती. दुर्गानंद सिन्हा (पुढे अलाहाबाद विद्यापीठात मानसशास्त्र विभाग उभा करणारे) यांनी तिथल्या बातम्या आणि अफवांचा अभ्यास १९५२ मध्ये छापला होता. दार्जिलिंगच्या लोकांनी नुकसान डोळ्यांनी पाहिलं होतं, झेललं होतं. तिथे 'अजून भयंकर येणार' छापाच्या अफवा उठल्या नव्हत्या. ज्यांच्या भीतीला समोरच कारण होतं, त्यांना ते बनवावं लागलं नाही.

यातूनच १९५७ मध्ये फेस्टिंगरचं 'अ थिअरी ऑफ कॉग्निटिव्ह डिसोनन्स' हे पुस्तक आलं. मराठीत मनातला विसंवाद म्हणूया. दोन वर्षांनी त्याने आणि कार्लस्मिथने तो प्रसिद्ध प्रयोग छापला. स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांना तासभर अत्यंत कंटाळवाणं काम दिलं, खुंट्या पाव पाव फिरवत बसायचं. मग बाहेर थांबलेल्या पुढच्या मुलीला 'काम फार मजेचं आहे' असं खोटं सांगायला लावलं. काहींना त्याचे २० डॉलर दिले, काहींना फक्त १. नंतर विचारलं, खरंच कसं वाटलं? २० डॉलरवाल्यांनी साधारण बरं-वाईटाच्या मधलं उत्तर दिलं. १ डॉलरवाले मात्र म्हणाले की काम तसं मजेचं होतं. एका डॉलरसाठी मी खोटं बोललो हे पचत नाही ना, मग ते खोटं नव्हतंच!

आपल्याला वाटतं की दुसरा कुणीतरी आपलं मन वळवतो. फेस्टिंगरचं म्हणणं असं की बऱ्याचदा वळवणारा बाहेर नसतोच. आधी आपण काहीतरी करून बसतो किंवा आपल्याला काहीतरी वाटून जातं. मग मन मागून धावत येतं, फाईल घेऊन, त्याची कारणं जोडायला.

एक माझ्या बघण्यातलं उदाहरण. मागे एका कंपनीत मंदीच्या दिवसांत माणसं कमी करायला सुरुवात झाली. एका शुक्रवारी काही जणांना बोलावलं आणि ते परत जागेवर आलेच नाहीत. त्यानंतर कँटीनमध्ये रोज नवीन तारीख. 'पंधरा तारखेला अख्खा टेस्टिंगचा मजला रिकामा.' 'एचआरने चाळीस पाकिटं मागवलीत म्हणे.' गंमत अशी की ज्यांची नोकरी खरंच गेली होती त्यांच्याशी फोनवर बोललो तर ते रेझ्युमे, ईएमआय, मुलाची फी याबद्दल बोलायचे. तारखा फक्त वाचलेल्यांकडे होत्या. मॅनेजमेंटने 'अफवांवर विश्वास ठेवू नका' अशी मेल पाठवली आणि त्या दिवशी दोन नव्या तारखा आल्या! दार्जिलिंग बाहेर होतं, पाटणा कँटीनमध्ये.

आता जरा ब्रेक लावतो, कारण हा सिद्धांत वाटतो तितका सरळ उरलेला नाही. एकाच अभ्यासावर फार भार टाकू नये. पाटणा आणि दार्जिलिंग या दोन शहरांत फरक फक्त नुकसानीचा नव्हता, काळ वेगळा, माणसं वेगळी. फेस्टिंगरने शिकागोजवळच्या एका जगबुडीवाल्या पंथाचा जो अभ्यास केला (१९५६ चं पुस्तक), त्यात त्याचे निरीक्षक गुपचूप अनुयायी बनून शिरले होते आणि त्यामुळे गटच बदलला अशी टीका झाली, ती रास्तही आहे. २०२४ मध्ये ३९ प्रयोगशाळांनी मिळून या सिद्धांताचा एक प्रमुख प्रयोग पुन्हा केला. आपल्या मताविरुद्ध लिहिल्यावर लोकांचं मत थोडं सरकलं खरं, पण 'स्वेच्छेने केलं तर जास्त सरकेल' हे सिद्धांताचं महत्त्वाचं भाकीत खरं ठरलं नाही. म्हणजे यंत्र आतून कसं चालतं ते अजून पूर्ण उलगडलेलं नाही. पण पाटण्याचा तो उलटा प्रश्न, भीती आधी की अफवा आधी, तो मला आजही फार मोलाचा वाटतो.

का, ते सांगतो. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हा त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा मार्ग. मुलं पळवणारी टोळी आली आहे असे मेसेज त्या महिन्यांत देशभर फिरत होते. जमावाने त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं.

त्या काळात फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक मुळात कराचीतल्या एका संस्थेचा होता, मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जागृती करणारा. शेवटी मोटारसायकलवाला मूल परत आणून सोडतो आणि फलक दाखवतो. तेवढा शेवट कुणीतरी कापला. बस्स, काही सेकंदांची कात्री!

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. माझ्या धंद्यातला माणूस हेच करणार, आणि ते चुकीचं नाही. पाइप अरुंद केला की पाणी हळू जातं, आणि हळू जाण्याने जीव वाचू शकतात. पण पाणी येतं कुठून? १९३४ मध्ये तर पाइपच नव्हता, तारही तुटलेली होती. तरी २३ तारखेचा घातवार घरोघरी पोचला होता.

ज्या आईला अनोळखी माणूस दारात दिसला की धस्स होतं, तिला तो व्हिडिओ भीती देत नाही. तिच्या भीतीला तो कागदपत्रं देतो. म्हणूनच फॅमिली ग्रुपवर 'काका, हे फेक आहे, ही बघा लिंक' असं टाकलं की काका गप्प बसत नाहीत, दुसरा व्हिडिओ टाकतात. तुम्ही त्यांच्या वकिलाला हरवलंत. अशील तसाच बसलाय, घाबरलेला. तो दुसरा वकील करणार.

मग लिंक टाकूच नये का? टाकावी. खोटं खोटं आहे हे म्हटलंच पाहिजे, कारण ग्रुपवर काकांशिवाय आणखी वीस जण वाचत असतात. पण काकांना त्याआधी एक फोन करावा. 'तुम्हाला नक्की कशाची काळजी वाटतेय?' उत्तर बहुतेक वेळा व्हिडिओत नसतं. नातवाची शाळा लांब आहे, रिक्षावाला बदललाय, मुलगा-सून दोघं उशिरा येतात. त्या काळजीवर काही करता येतं, निदान ऐकता तरी येतं. लेविनच्या बायका व्याख्यानाने हलल्या नाहीत, आपल्यासारख्याच चार जणींनी हात वर केल्यावर हलल्या. काकाही तुमच्या लिंकने हलणार नाहीत, त्यांच्या सकाळच्या फिरायच्या कट्ट्यावरचे जोशी जे म्हणतील त्याने हलतील. मग जोशींना गाठा!

आणि हाच नियम स्वतःलाही. एखादी बातमी वाचून 'बघ, मी म्हणतच होतो!' असं आतून समाधान वाटलं की तिथे थांबावं. वाईट बातमीने समाधान का वाटावं? समाधान वाटतंय याचा अर्थ ती बातमी आपल्याला काही नवीन सांगत नाहीये, आपल्या आधीच्या भीतीला किंवा रागाला फक्त पावती देतेय. अशी पावती फुकट छापून देणारी दुकानं आज गल्लोगल्ली आहेत, आणि चालवणाऱ्यांना हे मानसशास्त्र माझ्यापेक्षा पक्कं ठाऊक आहे. पाटण्यात निदान लोक एकमेकांनाच घाबरवत होते, त्यावर कुणी जाहिराती विकत नव्हतं.

असो. जमुना प्रसादांचं नाव विमानतळावरच्या त्या पुस्तकांत सहसा दिसत नाही. उद्ध्वस्त प्रांतात बसून लोक काय बोलतात ते नुसतं ऐकणारा आणि त्यांना मूर्ख न ठरवता लिहून ठेवणारा माणूस होता तो. मला वाटतं मन वळवण्याच्या शास्त्राचा पहिला धडा तोच आहे. आधी नीट ऐकायचं.

पुढच्या वीकेंडला काहीतरी हलकंफुलकं घेऊ. चहा गार झाला असेल, पिऊन टाका.